ट्रान्स संगीताची निर्मिती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. शाळेत असताना काही वर्षे पेटी शिकलो. मला ट्रान्स संगीत, म्हणजे सलग ठोक्यावर चालणारे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, स्वतः तयार करायचे आहे. घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि ६०,००० रुपये साठवले आहेत. सिंथेसायझर, डीजे कंट्रोलर, मिक्सर आणि मोठे स्पीकर यांपैकी आधी काय घ्यावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण लिहिलेल्या चार वस्तूंपैकी एकही आज विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डीजे कंट्रोलर हे तयार झालेली गाणी वाजवण्याचे आणि एकमेकांत मिसळण्याचे साधन आहे. निर्मितीत त्याचा उपयोग जवळजवळ नाही. मिक्सरची गरज अनेक वादकांचे एकत्र ध्वनिमुद्रण करताना पडते, आणि सिंथेसायझर आता संगणकातच मिळतो. १९९० च्या दशकात परिस्थिती निराळी होती. ट्रान्समधला तो भरगच्च, झगझगीत लीडचा (मुख्य सुरावटीचा) आवाज, ज्याला सुपरसॉ म्हणतात, तो रोलँड कंपनीच्या जेपी-८००० या वाद्यातून आला. किंचित वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या सात सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या) लहरी एकाच वेळी वाजवणे हे त्यामागचे तंत्र. आज व्हायटल किंवा सर्ज एक्सटी या मोफत मिळणाऱ्या प्लगइनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरमध्ये) युनिझन, म्हणजे एकच स्वर अनेक लहरींत वाजवणे, हा पर्याय सुरू करून, लहरींची संख्या सात ठेवून आणि डीट्यून (लहरींच्या सुरांतला फरक) थोडे वाढवून आपण त्याच्या अगदी जवळ पोहोचू शकता.

पहिला खर्च लॅपटॉपवर करावा. जागा असल्यास रॅम १६ जीबी करून घ्यावी आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी, कारण सुपरसॉचे दोन-तीन थर, त्यांवर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) एवढे एकत्र आले की दुबळा संगणक अडखळू लागतो. दुसरा खर्च हेडफोनवर, आणि तो मात्र हात आखडता न घेता करावा. बास मुद्दाम फुगवून ऐकवणारे हेडफोन टाळून स्टुडिओच्या कामासाठी बनवलेले, वायरचे आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत. ब्लूटूथचे हेडफोन कितीही महागडे असले तरी त्यांत आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे पट्टी दाबणे आणि स्वर ऐकू येणे यांचा मेळ बसत नाही. तिसरा खर्च म्हणजे २५ किंवा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, म्हणजे कोणता स्वर दाबला हे संगणकाला कळवणारा कीबोर्ड. आपला हात पेटीवर बसलेला असल्याने ४९ पट्ट्यांचा घ्यावा, असे सुचवतो. एवढे घेऊनही आपल्या रकमेतला बराच भाग शिल्लक राहील, आणि तो काही महिने तसाच राहू द्यावा.

संगीत रचण्यासाठी सॉफ्टवेअर कोणते, यावर मित्रमंडळींत वाद होतात. ते बहुतांशी निरर्थक असतात. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ आणि रीपर या तिन्हींत ट्रान्स उत्तम होतो. रीपर ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती मुदतीविना चालते, पण जतन केलेले काम तीत पुन्हा उघडता येत नाही. मात्र एकदा विकत घेतल्यावर पुढच्या सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतात. लाइव्हच्या स्वस्त आवृत्तीत ट्रॅकची संख्या मर्यादित आहे, आणि ट्रान्सला ट्रॅक पुष्कळ लागतात. कुलूप तोडलेल्या आवृत्त्या मित्राच्या पेनड्राइव्हवर हमखास मिळतात. त्यांतून येणारे व्हायरस आणि ऐन वेळी न उघडणाऱ्या फायली पाहिल्या, तर ते फुकट फार महागात पडते.

विंडोजवर एक अडचण पहिल्याच दिवशी येईल. पट्टी दाबल्यानंतर स्वर उशिरा उमटेल. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोहोचवणारे सॉफ्टवेअर) वापरणे आणि बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) लहान ठेवणे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) १२८ सॅम्पलच्या बफरमुळे सुमारे ३ मिलिसेकंदांचा विलंब होतो, तर १,०२४ सॅम्पलच्या बफरमुळे सुमारे २३. वाजवताना लहान बफर आणि शेवटचे मिश्रण करताना मोठा बफर, असा क्रम ठेवावा. ऑडिओ इंटरफेसने (आवाज संगणकात नेण्या-आणण्याच्या वेगळ्या उपकरणाने) हे काम अधिक नीट होते, पण माइकवर काही ध्वनिमुद्रित करायचे नसेल तर तो लगेच हवाच असे नाही.

आता मूळ कामाकडे वळू. ट्रान्सचा वेग साधारणपणे मिनिटाला १३० ते १४० ठोके असतो. १३८ हा या प्रकाराचा आवडता आकडा. सायट्रान्स हा त्याचा उपप्रकार त्याहून जलद, १४५ च्या आसपास चालतो. १३८ च्या वेगाला एका ठोक्याचा चौथा भाग सुमारे १०९ मिलिसेकंदांचा होतो. पहिल्या चौथ्या भागात किक (ढोलासारखा खर्जातला ठोका) आणि उरलेल्या तिन्हींत बासचे स्वर, ही धावत्या बासची सर्वांत साधी मांडणी आहे. किकची शेपटी त्या १०९ मिलिसेकंदांपलीकडे रेंगाळली की ती बासवर चढते आणि सगळे गढूळ होते. म्हणून किक आखूड करावी, आणि साइडचेन कॉम्प्रेशन लावून किक वाजताना बास आपोआप खाली जाईल असे करावे. पहिला महिनाभर केवळ किक आणि बास यांच्यावर घालवला तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये. नवशिक्यांची बहुतेक कामे इथेच फसतात आणि दोष मात्र यंत्रसामग्रीला दिला जातो.

स्वरांच्या बाबतीत आपली पेटी कामाला येईल. पांढरी सहा षड्ज धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की आसावरी थाटाचे स्वर मिळतात. पाश्चात्त्य संगीतात तोच ए मायनर. षड्ज, कोमल धैवत, कोमल गंधार आणि कोमल निषाद यांच्यावर या क्रमाने उभारलेले चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ट्रान्समध्ये असंख्य वेळा वापरले गेले आहेत. त्यांवर अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) फिरवावा आणि फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज गाळला जातो ती मर्यादा) ३२ बारांमध्ये (एक बार चार ठोक्यांचा), म्हणजे सुमारे ५६ सेकंदांत, हळूहळू उघडावा. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी जिथे रुजली त्या कोल्हापुरात बढत म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सात मिनिटांच्या ट्रान्समध्ये साधारण २४० बार असतात, आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवते ती ही सावकाश वाढच.

प्रश्न : वडिलांचा ऑर्केस्ट्रातला जुना कीबोर्ड घरी पडून आहे. गोव्यातल्या धर्तीचे ट्रान्स करण्यासाठी तो वापरता येईल का, की नवा घ्यावा?
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : कीबोर्डच्या मागची बाजू पाहावी. तिथे पाच पिनांचे गोल मिडी सॉकेट किंवा यूएसबीचे चौकोनी सॉकेट असेल तर नव्याची गरज नाही. गोल सॉकेटसाठी मिडी ते यूएसबी अशी केबल मिळते. मिडीवरून आवाज जात नाही, हे लक्षात ठेवावे. कोणती पट्टी, केव्हा आणि किती जोरात दाबली, एवढीच माहिती संगणकाला मिळते. ही पद्धत १९८३ पासून चालत आलेली असल्याने तेव्हाचे वाद्यही आजच्या लॅपटॉपशी बोलू शकते. पट्ट्या दाब ओळखतात का आणि पिच बेंडचे (स्वर वर-खाली सरकवणारे) चाक शाबूत आहे का, हे तपासून घ्यावे, कारण लीडमध्ये मींड घेण्यासाठी ते चाक फार उपयोगी पडते. कीबोर्डचे मूळ आवाज आवडत असतील तर ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी मात्र ऑडिओ इंटरफेस लागेल.

गोवा ट्रान्सबद्दल थोडेसे. १९९० च्या दशकात तो आकाराला आला तेव्हा हणजुण्याच्या किनाऱ्यावर रेकॉर्डी उन्हाने वाकत, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि डॅट (डिजिटल) टेप वापरत. या प्रकारात मोठ्या कॉर्डपेक्षा सतत वळणे घेणाऱ्या ॲसिड (चिरकत्या, वळवळत्या आवाजाच्या) धाटणीच्या सुरावटी आणि पौर्वात्य वळणाच्या स्वरपंक्ती अधिक असतात. त्यामुळे सुपरसॉवर वेळ न घालवता रेझोनन्स (कटऑफजवळच्या आवाजाला मिळणारा उठाव) वाढवलेला फिल्टर हाताने फिरवण्याचा सराव करावा.

प्रश्न : दहा बाय दहाच्या खोलीत मॉनिटर (मिश्रण तपासण्याचे) स्पीकर लावले आहेत. घरी बास छान वाटतो, पण मोटारीत तेच गाणे पोकळ लागते. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ट्रे लावू नयेत. त्यांनी, किंवा भिंतीवर टांगलेल्या वाकळेनेही, वरच्या पट्टीचा आवाज थोडाफार शोषला जातो. बासवर काहीच परिणाम होत नाही. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनीची लहर अडकून घुमते, आणि ट्रान्सच्या किकचा व बासचा मुख्य भाग नेमका त्याच भागात असतो. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांनी हाच दोष एकावर एक चढतो. भिंतीला लागून बसल्यास बास फुगलेला ऐकू येतो आणि बरोबर मधोमध बसल्यास तो नाहीसा होतो. आपण बहुधा भिंतीला पाठ लावून बसत असाल, म्हणून बास भरपूर वाटून तो मिश्रणात कमी ठेवला जात असावा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर बसून पाहावे आणि कोपऱ्यांत किमान चार इंच, जमल्यास त्याहून जाड रॉकवूल (खनिज तंतूंच्या लाद्या) कापडात गुंडाळून उभे करावे. ते होईपर्यंत बासचे निर्णय हेडफोनवर घ्यावेत. सुमारे १२० हर्ट्झच्या खालचा सर्व आवाज मोनो (डावीकडे-उजवीकडे सारखाच) ठेवावा आणि पूर्ण गाणेही एकदा मोनोमध्ये ऐकावे. तसे ऐकताना लीड अचानक बारीक झाला, तर त्याचा स्टीरिओ विस्तार (डावी-उजवीकडचा पसारा) जास्त झाला आहे असे समजून तो कमी करावा.