महाप्रसादानंतरची चौकशी

प्रश्न : आमच्या गावात महाप्रसादानंतर बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब झाले. दोन दिवसांत सगळे बरे झाले, तरी आरोग्यसेविका घरोघरी येऊन कोणी काय खाल्ले आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे विचारत होत्या. ज्यांना काहीच झाले नाही, त्यांनाही त्यांनी विचारले. या चौकशीतून काय साधते? शिवाय अशा घटना वाढल्याच्या बातम्या येतात. म्हणजे अन्न पूर्वीपेक्षा बिघडले आहे का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ज्यांना काहीच झाले नाही, त्यांची उत्तरे सर्वांत मोलाची असतात. समजा, पंगतीत बासुंदी घेतलेल्या ५० जणांपैकी ३० आजारी पडले आणि न घेतलेल्या ४० जणांपैकी दोघेच. आजारी माणसांनी तर भात, भाजी, बासुंदी असे सगळेच खाल्लेले असते. न घेणाऱ्यांशी तुलना केल्यावरच संशय बासुंदीवर येऊन थांबतो. वेळेचेही तसेच. जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचा, विचार आधी होतो. साल्मोनेला या जंतूचा त्रास बहुधा दुसऱ्या दिवशी, ताप आणि जुलाब घेऊन येतो.

आरोग्यसेविकेच्या वहीतली माहिती गावापुरती राहत नाही. आपल्या देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निष्कर्षावरून, असे तिघे स्वतंत्रपणे नोंद करतात. या नोंदी पूर्वी आठवड्याने जात असत. आता त्या संगणकावर थेट भरल्या जातात. एकाच आठवड्यात शेजारच्या तीन गावांतून जुलाबाच्या नोंदी वाढल्या, तर तिन्ही ठिकाणी दूध किंवा पाणी एकाच जागेहून येते का, हे जिल्हा पातळीवर तपासता येते. एका गावात बसून ते कोणालाच दिसले नसते.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आकडा वाढला म्हणजे आजार वाढला, असे लगेच म्हणता येत नाही. जुलाब झालेल्यांपैकी थोडेच डॉक्टरांकडे जातात, त्यांतल्या थोड्यांचाच शौचाचा नमुना घेतला जातो आणि त्यांतल्याही काहींतच जंतू सापडतो. अमेरिकेत एका अभ्यासात असा अंदाज निघाला की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या साल्मोनेलाच्या एका रुग्णामागे सुमारे २९ रुग्ण नोंदीबाहेर राहतात. म्हणून लोक अधिक संख्येने दवाखान्यात येऊ लागले किंवा तपासणी सोपी झाली, तरी अन्न होते तसेच असतानाही आकडा चढतो. अन्नातून होणाऱ्या आजारांची मोजणी करणाऱ्या अमेरिकेच्या फूडनेट या जाळ्याला हाच अनुभव आला. १९९६ पासून हे जाळे रुग्ण मोजत आले आहे. आता ते दहा राज्यांत, म्हणजे अमेरिकेच्या सुमारे १५ टक्के लोकसंख्येत पसरले आहे आणि प्रयोगशाळांकडून अहवाल येण्याची वाट न पाहता त्याचे कर्मचारी स्वतः त्यांच्याकडे विचारणा करतात. जंतू वाढवून पाहण्याऐवजी त्याचा जनुकीय अंश काही तासांत शोधणाऱ्या चाचण्या रूढ झाल्या, तेव्हा कित्येक जंतूंच्या नोंदी वाढल्या. त्यांतली खरी वाढ किती आणि नव्या चाचणीमुळे दिसलेली किती, हे वेगळे काढणे तज्ज्ञांनाही जड गेले. तरी तो प्रश्न त्यांना मांडता आला, कारण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेली मोजणी त्यांच्याजवळ होती. जुलै २०२५ पासून या जाळ्यातील सक्तीची नोंद आठ जंतूंवरून दोनांवर आणली गेली, याचे मला फार वाईट वाटते. खंड पडलेली मोजणी मागाहून भरून काढता येत नाही.

तेव्हा बातमीतला आकडा वाचताना तो किती लोकसंख्येमागे आहे, कोणत्या वर्षांशी ताडला आहे आणि मधल्या काळात तपासणीची पद्धत बदलली का, हे पाहावे. तुमच्या गावापुरते सांगायचे, तर अशा प्रसंगी घाबरून उरलेले अन्न उकिरड्यावर टाकले जाते आणि आरोग्य पथक पोहोचेपर्यंत पातेली घासून पालथी घातलेली असतात. ते अन्न कोणी खाणार नाही अशा बेताने झाकून, शक्य असल्यास फ्रिजमध्ये ठेवावे आणि पथकाच्या हवाली करावे. शौचाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी दिला गेला, तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल, तर नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत.