वाफेचं मॉडेल इंजिन नेमकं सांध्यावरच का घसरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचओ स्केलचं (मॉडेल रेल्वेच्या एका प्रचलित मापाचं) पॅसिफिक, म्हणजे ४-६-२ चाकांचं इंजिन, सरळ रुळावर आणि वळणावर झकास धावतं, सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा, आला की घसरतं. त्याच सांध्यावरून डिझेल मात्र बिनघोर निघून जातं. मग दोष कोणाचा, इंजिनाचा की सांध्याचा?

बहुतेक वेळा दोघांचाही थोडा थोडा, आणि डिझेल त्यावर पांघरूण घालतं. डिझेलखाली दोन आखूड बोग्या, म्हणजे वळणाऱ्या चौकटीत बसवलेले चाकांचे संच असतात, त्या हव्या तशा वळतात आणि सगळं वजन त्यांच्याच डोक्यावर असतं. पॅसिफिकची सहा मोठी चाकं एका ताठ चौकटीत अडकलेली, तर पुढची चार आणि मागची दोन नुसती बरोबर चाललेली. त्यांच्यावर वजन जवळजवळ नसतंच. तेव्हा डिझेल गेलं म्हणून सांध्याला चांगुलपणाचं प्रमाणपत्र देऊ नका.

कानस हातात घेण्याआधी एकच गोष्ट शोधा: पहिलं कोणतं चाक उतरलं, आणि नेमकं कुठे. इंजिन थांबेपर्यंत तीन-चार चाकं खाली आलेली असतात आणि आपण भलत्याच चाकाला धरून बसतो. मोबाइल रुळाच्या पातळीला आडवा ठेवा, स्लो मोशन लावा आणि इंजिन अगदी सावकाश आणा. सरळ मार्गाने, वळणाच्या मार्गाने आणि दोन्ही दिशांनी.

पहिलं चाक जिभलीच्या, म्हणजे सांध्याच्या हलणाऱ्या निमुळत्या रुळाच्या, टोकाशीच उतरत असेल तर काम सोपं आहे. जिभली मुख्य रुळाला पूर्ण चिकटलेली नसते. तिच्यामागे टॉर्च धरा आणि समोरून बघा. उजेडाची रेघ दिसली की फट आहे. खडीचा एखादा कण, वाळलेल्या गोंदाचा थेंब किंवा सांधा बदलणाऱ्या मोटरची अपुरी चाल, यांपैकी काहीतरी सापडेलच. टोक बोथट असेल, नखाला लागत असेल, तर आतल्या बाजूने सुईकानशीने हलकेच उतरतं करा. अशा कानशी पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात, तिथूनच एक डिजिटल व्हर्निअरही आणा, पुढे लागणार आहे.

खरी गंमत फ्रॉगवर, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर आहे. तिथे दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या चाकाची कड (चाकाच्या आतल्या बाजूची उंच किनार) जाऊ द्यायला रूळ तोडलेला असतो, म्हणजे तेवढ्या जागेत चाकाला बाहेरून धरणारं कोणी नसतं. ते काम समोरच्या रुळाशेजारचा चेक रेल करतो. तो पलीकडच्या चाकाची पाठ पकडून अख्खा आस आपल्याकडे ओढून धरतो, म्हणून अलीकडचं चाक फ्रॉगच्या नाकाच्या, म्हणजे टोकाच्या, योग्य बाजूने जातं. हे सगळं एका मापावर टिकून आहे: एकाच आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर. एचओला रुळाची रुंदी १६.५ मिमी आणि हे अंतर साधारण १४.४ मिमी. अंतर जास्त झालं तर चेक रेल चाकाला पुरेसं ओढत नाही आणि कड थेट फ्रॉगच्या नाकावर आदळते किंवा चुकीच्या खाचेत शिरते. कमी झालं तर दोन्ही चाकांच्या पाठी चेक रेल आणि फ्रॉगच्या पंखावर (नाकाशेजारच्या वळवलेल्या रुळावर) एकदमच आवळतात, चाक वर उचललं जातं आणि उतरतं. सरळ रुळावर चेक रेल नसतो, म्हणून तिथे हा बिघाड कधीच दिसत नाही. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या खेळण्यातल्या इंजिनांत तर कडाही खोल असतात, त्या आजच्या बारीक रुळांच्या सांध्यावर तळाला ठोकर खात जातात.

पुढची बोगी बहुधा एका स्क्रूवर असते. ती काढून व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी माप घ्या. फरक असेल तर चाक हलकेच पिळत आत-बाहेर सरकवता येतं. पण जोडदांडे लावलेल्या मोठ्या चाकांना हा प्रयोग करू नका. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिन (चाकावरच्या, जोडदांडा धरणाऱ्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत बसवलेल्या असतात. चाक आसावर जरासं फिरलं तरी इंजिन लंगडायला लागतं, आणि ते पुन्हा जुळवणं म्हणजे एक स्वतंत्र दुखणं.

बोगी बाहेर आहेच तर ती बोटाने हलवून बघा. ती दोन्हीकडे आणि वर-खाली मोकळी हलायला हवी. पूर्ण वळल्यावर चाक सिलिंडरला किंवा पुढच्या पायरीला घासत असेल तर तिथे रंग उडालेला दिसेल. हलकी वाटली तर सोल्डरच्या तारेचे दोन-चार वेढे तिच्या चौकटीवर घाला. बोगीला रुळावर दाबणारी स्प्रिंग असेल तर ती फार कडक नको, नाहीतर बोगीवर जास्त भार येतो आणि मोठी चाकं उचलली जातात.

टेंडरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचं, चाक पहिलं उतरत असेल तर संशय इंजिन आणि टेंडरमधल्या वायरांवर घ्या. आखूड, ताठ वायर टेंडरला उचलून धरते. पातळ आणि मऊ वायर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते.

आता बैठक. प्लायवुड किंवा एमडीएफवर मांडणी असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फुगते आणि जूनपर्यंत ठीक असलेला सांधा जुलैत पिळतो. सांध्यावर काचेची सपाट पट्टी आडवी ठेवा. डुगडुगली तर खाली पातळ पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून समतल करा.

आणि एक विचारायचं राहिलं: दोन सांधे उलट्या वळणांनी पाठोपाठ आहेत का? तसं असेल तर मध्ये निदान तुमच्या सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा घाला. १:४ च्या (चार भाग पुढे गेल्यावर एक भाग बाजूला वळणाऱ्या) सांध्याऐवजी १:६ चा बसवता आला तर आणखी बरं. भारतीय रेल्वेत १:८.५ आणि १:१२ असे सांधे वापरतात. आपल्या टेबलावर तेवढी जागा कुठली, पण खऱ्या पॅसिफिकलाही १:४ चा सांधा कोणी दिला नसता.