विसरू नये म्हणून तो काय करतो, ते लिहा

प्रश्न : बाई, शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. दिवसा ते आणि रात्री कादंबरी, असं चाललंय. नायक संग्राम, वय २७, बापाच्या वर्कशॉपमध्येच राबतो. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि उतावळेपणा ताब्यात न राहण्याचा विकार. मी भरपूर वाचून लक्षणं गोळा केली. तो किल्ल्या विसरतो, सारखा पाय हलवतो, दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडतो, गाडीचा इंडिकेटर चालूच ठेवतो. मित्रानं पहिली तीन प्रकरणं वाचली आणि म्हणाला, ‘‘भावा, ह्यो माणूस न्हाई, औषधाच्या खोक्यातला कागद हाय.’’ प्रकरणं सोबत पाठवतोय. काय बदलू? आणि कादंबरीत एडीएचडीचं नाव घ्यायचं की नाही? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी त्या मित्राला एक मिसळ खाऊ घाला. असा वाचक पैसे टाकून मिळत नाही.

तुमच्या तीन प्रकरणांत संग्राम सारखा किल्ल्या विसरतो आणि दर वेळी तेच करतो. खिसे चाचपतो, शिवी हासडतो, माघारी फिरतो. पण हा गडी शाळेपासून वस्तू हरवतोय. एवढ्या वर्षांत त्यानं त्यावर काहीच इलाज शोधला नसेल? गुजरीत चांदीच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला तिशीनंतर निदान झालं. त्याचं विसरणं परक्या माणसाला दिसतच नाही, दिसतात त्या त्याच्या युक्त्या. गाडीची किल्ली तो रात्रीच डब्याच्या पिशवीत टाकतो. डबा राहिला तर आई जिन्यापर्यंत हाक मारत येते, किल्लीसाठी कोण येतंय? मोबाइलचा गजर दर थोड्या दिवसांनी बदलतो, कारण रोजचा आवाज त्याच्या कानात शिरेनासा होतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवलंय, दुपारी कप हातात देताना नुसतं ‘बँक’ म्हणायचं. आणि यातली कुठलीही युक्ती कायम टिकत नाही. जुनी झाली की निकामी होते, मग नवी शोधायची.

तेव्हा विसरणं एका वाक्यात उरका आणि विसरू नये म्हणून चाललेली खटपट पानभर लिहा. कुठल्या युक्तीचा संग्रामला अभिमान आहे, कुठली तो बापापासून लपवतो, आणि बहिणीच्या लग्नाच्या दिवशी नेमकी कुठली दगा देते? एवढं ठरलं, की पाय हलवला नाही तरी चालेल.

आता लक्षाबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘त्याचं कशातच लक्ष लागत नसे.’ हे वाक्य काढाच. लक्ष लागतं, अफाट लागतं. ते कुठं लागावं हे त्याच्या हुकमावर चालत नाही, एवढंच. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला रात्रीचा प्रसंग मला म्हणूनच आवडला. फाउंड्रीतून कास्टिंग उशिरा आलंय, सकाळी सातला टेम्पो लागणार, आणि संग्राम दोन वाजेपर्यंत लेथवर उभा. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप मायक्रॉनमध्ये बरोबर, जेवणाची शुद्ध नाही. पण तुम्ही तिथंच थांबलात. त्याच जॉबचं बिल दोन महिने झाले तरी त्यानं केलेलं नाही, हे पुढं यायला हवं. घाई, नवेपणा, आवड यांपैकी काहीतरी असलं की अशा माणसाचं काम सुरू होतं. काम नुसतं महत्त्वाचं आहे, एवढ्यानं होत नाही. बापाला हे कसं कळावं? ‘‘रातभर राबतोस आणि धा मिन्टाचं बिल हुईना व्हय रं तुला?’’ एकदा जमलं म्हणजे नेहमी जमतं आणि नाही केलं म्हणजे मुद्दाम नाही केलं, हा हिशेब सगळं घर लावतं. संग्राम स्वतःसुद्धा लावतो. तुमच्या कादंबरीतलं भांडण मला इथं दिसतंय.

तुम्ही धंदेवाईक माणूस आहात, तर नुकसान आकड्यांत मांडा. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र दर महिन्याला भरणाऱ्याला २० तारखेची मुदत असते. कर देणं असेल आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, वर व्याज. संग्रामला तारीख पाठ आहे. पैसेही आहेत. तरी दंड बसतो, कारण पोर्टल उघडायचं राहतं. घरात असलेला माप घ्यायचा व्हर्निअर सापडत नाही म्हणून दुसरा विकत येतो, आणि त्याच संध्याकाळी पहिला सापडतो. अशा दोन-तीन नोंदी आल्या, की वाचकाला त्याची दया येण्याऐवजी राग येईल. येऊ द्या. घरच्यांनाही येतो.

‘त्याचं लक्ष विचलित झालं’ हेही नको. साखळी दाखवा. बिलबुक काढायला खण उघडला, खणात डिजिटल व्हर्निअर, त्याचा सेल उतरलेला. उद्या लागणारच आहे म्हणून सेल आणायला बाहेर पडला. दुकानात वर्गातला पोरगा भेटला, शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच सुरू होती, मध्यंतरापर्यंत बघू म्हणाला. यातली एकही पायरी वेड्यासारखी नाही. घरी आल्यावर खण उघडाच, बिलबुक आतच, आणि सेलही आणलेला नाही.

वेळेचंही तसंच. राजारामपुरीतून मध्यवर्ती स्टँड म्हणजे दहा मिनिटं, असं तो शपथेवर सांगेल. कारण एकदा पहाटे साडेपाचला, रस्ते मोकळे असताना, तो दहा मिनिटांत पोचला होता. तोच हिशेब तो संध्याकाळी सहालाही धरतो. आणि ‘निघालोच’ असं फोनवर सांगताना अंगाला साबण असतो.

यातून बारीकसारीक खोटं जन्मतं. ‘‘बिल पाठवलास का?’’ ‘‘पाठवालोय की आण्णा.’’ प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ वाचलेल्या पोराला ओरडा चुकवायची ही सवय लागते. पाय हलवण्यापेक्षा हे लिहायला अवघड आहे आणि मला यातच जास्त रस आहे.

नाव घ्यायचं की नाही? ते तुमच्या कादंबरीत कुणाला काय माहीत आहे यावर ठरवा. पण घेतलंत तर निदान खरं लिहा. डोक्याचा स्कॅन काढला आणि डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं, असला प्रसंग रचू नका. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये सापडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ बोलून, विचारून निदान करतात. काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का, आणि घर, काम, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे बघतात. आईला बोलावतात, जुनी प्रगतिपुस्तकं मागतात. म्हणजे तुम्हाला आयता प्रसंग मिळाला. ट्रंकेतून प्रगतिपुस्तक निघालंय, डॉक्टर विचारताहेत, आणि आई सहज बोलून जाते, ‘‘ह्याचा बापबी असाच की वो.’’ एडीएचडी घराण्यातून मोठ्या प्रमाणात येतो. तेव्हा खुर्चीत बसलेल्या आण्णांचा चेहरा लिहा. ते काही बोलणार नाहीत, त्यांना बोलायला लावूही नका.

गोळी दाखवणार असाल तर तीही जादूची नको. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तिची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि ते सगळ्या मेडिकलमध्ये मिळतही नाही. ज्याला चिठ्ठी जपणं जमत नाही, त्यालाच चिठ्ठी जपायची आहे! नेहमीची गोळी काही तास काम करते आणि उतरते. भूक मरू शकते. संग्रामनं पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी नको म्हटली, की गोळी चालू झाल्याचं आईला डॉक्टरांआधी कळेल.

आणि शेवटच्या प्रकरणात त्याला बदाम, ध्यान आणि बायकोच्या प्रेमानं बरा करू नका. घरचे हे तिन्ही उपाय करून बघतील, ते जरूर लिहा.

प्रश्न : माझ्या कथेत १९३५ सालच्या कोल्हापुरातला एक पैलवान आहे. आजच्या भाषेत त्याला एडीएचडी म्हटलं असतं. हे वाचकाला कसं सुचवू? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सुचवू नका. अशा मुलांबद्दल जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरांनी १९०२ मध्ये लंडनला व्याख्यानं दिली होती, पण एडीएचडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात १९८७ ला आलं. तुमच्या वस्तादाला त्यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तो त्याला ‘भिंगरी’ म्हणेल आणि जास्तीचे जोर काढायला लावेल. त्यानं पोराला थोडं बरंही वाटेल. खासबागेत कुस्ती पहिल्या दोन मिनिटांत निकाली निघाली तर हा जिंकणार, लांबली तर कंटाळून चुकीचा डाव टाकणार. एवढं पुरे. ज्याला ओळखायचं तो वाचक ओळखेल.

प्रश्न : मी धाकट्या बहिणीवरून एक पात्र लिहितेय. तिला एडीएचडी आहे, पण ती उड्या मारत नाही, गप्प बसून असते. वाचकांना पटेल का? आणि तिला विचारून लिहू की लिहून विचारू? – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पटेल. अवधान न टिकणं हाच ज्यात मुख्य भाग असतो, असा एडीएचडीचा प्रकार आहेच. मुलींचं निदान बरेचदा उशिरा होतं, कारण शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा वर्गाला काही त्रास नसतो. तिच्या डोक्यातली धावपळ बाहेरून दिसत नाही, म्हणून कथा तिच्या तोंडूनच सांगा. आणि ती घरी ‘मी विसरलो’ म्हणत असेल तर कथेतही तसंच म्हणू दे. पुण्याचा कुणी मुद्रितशोधक ‘विसरले’ करायला आला तर भांडा.

लिहून विचारा, पण छापायच्या आधी. सगळं बाड तिच्या हातात देऊ नका, ते उशाशी पडून राहील आणि तुम्ही रोज विचाराल. एक प्रसंग निवडा, संध्याकाळी रंकाळ्यावर चालता चालता मोठ्यानं वाचून दाखवा. ती मधेच तोडेल. जिथं तोडेल तिथं पेन्सिलनं खूण करा.