खाँसाहेब मंद्रात उतरले की डिक्कीत जातात

प्रश्न : मी नोकरीसाठी रोज इंदूरहून देवासला गाडीनं जाते. जाता-येता अमीर खाँसाहेब लावलेले असतात. मुलानं हौसेनं दारांत नवे स्पीकर, अँप्लिफायर आणि डिक्कीत दहा इंची सबवूफर बसवून दिला, आणि तेव्हापासून गाण्याची पार वाट लागलीय. खाँसाहेब एरवी माझ्या उजव्या गुडघ्यापाशी गातात आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरले की थेट डिक्कीत जातात. डग्गा नुसता घुमतो. दुकानदार म्हणतो, स्पीकर आणखी वरच्या दर्जाचे घ्या. घेऊ का?
– एक प्राध्यापिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नका घेऊ, ताई. तुमच्या पत्रातच निदान आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘भिया, मजा नहीं आ रहा’ एवढंच सांगतात आणि पुढचं मी हुडकायचं.

आधी डिक्कीचं बघू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो, मंद्र पंचम १०४ वर आणि मंद्र षड्ज ६९ वर. तुमच्या सबवूफरचा लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचेच सूर त्याच्याकडे जाऊ देणारी चाळणी, बहुधा १२० किंवा त्याच्याही वर ठेवलेला असणार, कारण तसा ठेवला की दुकानात धडाका जास्त वाटतो. मग गवई मंद्र धैवत-पंचमाकडे सरकला रे सरकला की त्याचा आवाज दारातून निघून मागच्या खोक्यात जातो. ८० हर्ट्झच्या खालचा सूर कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, त्याच्या वरचा मात्र कळतो. तेव्हा सबवूफरचा लो-पास ८० वर आणा, दारातल्या स्पीकरांचा हाय-पास (वरचेच सूर जाऊ देणारी चाळणी) ८० वरच ठेवा. चाळणीचा उतार, म्हणजे नको ते सूर किती झपाट्यानं कापायचे ते माप, २४ डीबीचा मिळत असेल तर तोच घ्या. मंद्र षड्जाचा मूळ सूर तरीही मागूनच वाजेल, पण त्याचे उपस्वर पुढून येतात आणि कान उपस्वरांच्या मागे जातो. खाँसाहेब पुढे येतील. मग सबवूफरची फेज, म्हणजे त्याचा पडदा पुढे-मागे हलायची दिशा, ० आणि १८० अशी आलटून-पालटून ऐका. ज्या बाजूला डग्गा भरीव लागेल, ती ठेवा.

आता गुडघा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दाराचा आवाज कानावर आधी येऊन आदळतो. यावर उपाय म्हणजे टाइम अलाइनमेंट, जवळच्या स्पीकरला थोडा उशीर लावायचा, की सगळ्यांचा आवाज कानावर एकदम येतो. ती सोय स्टीरिओच्या मेन्यूत आहे का, मुलाला बघायला सांगा. नसेल तर मात्र वेगळा डीएसपी (हा उशीर वगैरे लावणारा आवाजाचा प्रोसेसर) बसवावा लागेल. शिवणाची टेप घ्या, नेहमीसारख्या बसा आणि डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. समजा, उजवा स्पीकर ९५ सेंटिमीटर, डावा १४० आणि सबवूफर १७५ वर आला. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.५ सेंटिमीटर जातो. सगळ्यात लांबचा सबवूफर, त्याला उशीर शून्य. डाव्याला ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे १ मिलिसेकंद. उजव्याला ८० चा, म्हणजे २.३. नंतर एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही बाजूंना अगदी तेच वाजत असल्यामुळे गायक डॅशबोर्डवर एकाच जागी उभा राहिला पाहिजे. जरा सरकलेला वाटला तर ०.१ च्या पावलानं मागेपुढे करा. उभाच राहत नसेल, आवाज पसरलेला आणि पातळ लागत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात असं समजा.

यात एक गोम आहे. हे सगळं तुमच्या खुर्चीपुरतं. रविवारी यजमान शेजारी बसले की त्यांच्या कानाशी सगळं डावीकडे ओढलेलं असणार, आणि मग ‘एवढे पैसे घालून हेच का?’ हे ऐकावं लागेल. स्टीरिओत दोन सेटिंग साठवता येत असतील तर दुसरं उशीर काढून टाकून दोघांसाठी ठेवा. मध्यम, पण भांडण नाही.

डग्गा घुमण्याला गाडीचं दार कारण असू शकतं. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज तिथून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खातो, शिवाय पत्रा स्वतःच वाजायला लागतो. खर्च करायचाच असेल तर इथे करा. ब्युटाइलची चिकट शीट लावून भोकं बंद करून घ्या, फक्त दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मोकळी राहू द्या. नाहीतर पावसाळ्यात दार गंजेल. विलंबित झुमरा तालात दोन मात्रांमधली रिकामी जागाच ऐकायची असते. ती घुमण्यानं भरून गेली तर उरलं काय?

इक्वलायझर सगळ्यात शेवटी. आत्ता बास आणि ट्रेबल दोन्ही चढवलेले असतील, लाउडनेसही चालू असेल. सगळं शून्यावर आणा. ६ डीबी चढवलं की अँप्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते आणि आवाज फाटायला लागतो. खालच्या पट्ट्या एकेक करून वर ओढा. जिथे घूम असह्य होईल ती पट्टी सापडली, की तीच शून्याच्या खाली ३-४ डीबी उतरवा. हे काम उभ्या गाडीत करा, पण शेवटचा हात देवास रोडवर चालत्या गाडीत फिरवा, आणि तोही मुलाला चालवायला बसवून. टायरचा आवाज खालचे सूर गिळतो, म्हणून सबवूफर घरापेक्षा २-३ डीबी चढा ठेवला तर चालतो. मोबाइलमधल्या मोजमापाच्या अॅपवर मी फार भिस्त ठेवत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालच्या सुरांना तो कच्चा.

प्रश्न : अँप्लिफायरवर गेनची खुंटी आहे. ती किती फिरवायची?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ती आवाज वाढवायची खुंटी समजू नका. स्टीरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप्लिफायरचं माप जुळवायला ती दिलेली असते. स्पीकर सोडवा, स्टीरिओचा आवाज पाऊणवर ठेवा, १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर लावा आणि आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. अँप्लिफायर ४ ओहमला ५० वॅट आरएमएसचा (सतत देऊ शकणाऱ्या ताकदीचं माप) असेल तर १४.१ व्होल्ट दिसले की थांबा.

प्रश्न : अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते, वेगाबरोबर चढत जाते.
– एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : अल्टरनेटर आहे तो. अँप्लिफायरची अर्थिंग जिथे दिलीय तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि बोल्ट घट्ट आवळा. तेवढ्यानं गेली नाही तर बॅटरीची तार गाडीच्या एका कडेनं आणि सिग्नलची दुसऱ्या कडेनं न्या. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे ना, तेवढं आजच बघा. नसेल तर शिट्टीचं नंतर, आधी फ्यूज.