ऋणनिर्देशात नको, मुखपृष्ठावर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. ज्याच्याशी संसार मांडलास त्यानेच तुझी कादंबरी स्वतःच्या नावाने छापली. आता तो म्हणतो, पुढच्या आवृत्तीत 'विशेष आभार' मानतो, वर थोडे पैसे देतो. आणि तू मला विचारतेस, घेऊ का?

नाही. पैशांवर तडजोड कर, मुदतीवर कर, त्याने माफी कोणत्या शब्दांत मागायची यावरही कर. नावावर नाही.

तुझा दुसरा बेत, त्याचे खासगी निरोप चव्हाट्यावर मांडायचा, तोही आज बाजूला ठेव. मला त्याची दया येते म्हणून नव्हे. ते निरोप बाहेर आले की लोक तुमच्या संसारावर बोलतील आणि कादंबरी कोणाची हा प्रश्न मागे पडेल. शिवाय अब्रुनुकसानीचा दावा ठोकायला त्याला आयतं निमित्त मिळेल. सूड घ्यायचाच आहे ना? मग तो दप्तरी नोंदला जाईल असा घे.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी संशोधक मार्गारेट नाइट, तिने तसाच घेतला. सपाट तळाच्या कागदी पिशव्या करणारं यंत्र तिचं. लोखंडी नमुना तयार होत असताना एका माणसाने तो पाहिला आणि पेटंटसाठी स्वतःचा अर्ज केला. बाईला यंत्रातलं एवढं कळणं शक्यच नाही, असा त्याचा युक्तिवाद होता म्हणतात. तिने आरेखनं, टिपणं, साक्षीदार पुढे केले आणि १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावावर झालं. तूही आज हेच कर. पहिले खर्डे, तारखांसकट फाइली, मैत्रिणीला पाठवलेली प्रकरणं, खोडाखोडीच्या वह्या, सगळं गोळा कर आणि प्रती दुसऱ्या कोणाकडे ठेव. 'कल्पना माझी होती' एवढ्यावर भागणार नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, लिहिलेल्या शब्दांना असतो. तुझ्याकडे शब्द आहेत.

अमेरिकी चित्रकार मार्गारेट कीनचं तर तुझ्यासारखंच. मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रं ती काढायची आणि नवरा वॉल्टर ती आपली म्हणून विकायचा. १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात दोघांनाही तिथेच चित्र काढायला सांगितलं. खांदा दुखतो म्हणून त्याने काढलंच नाही. तिने ५३ मिनिटांत चित्र पूर्ण केलं! ज्युरीने चाळीस लाख डॉलर्सची भरपाई दिली, ती पुढे अपिलात रद्द झाली. पैसे गेले. नाव राहिलं.

हात चालू होता म्हणून तिला ते सिद्ध करता आलं. तूही नवीन लिहीत राहा. हे मी कळवळून सांगते आहे, कारण माझं पाठ्यपुस्तक सहकाऱ्याच्या नावाने निघालं तेव्हा मी लढले, पण त्या वर्षांत दुसरं काही लिहिलं गेलं नाही. मनात असलेलं पुस्तक मनातच राहिलं आणि त्याची हळहळ अजून आहे. लढल्याची मात्र नाही. 'एका ओळीसाठी एवढं कशाला?' असं माझी सख्खी बहीण म्हणाली. प्रकाशकाने पुढच्या सगळ्या आवृत्त्यांचे पैसे देऊ केले, फक्त नाव तसंच राहू द्या म्हणाला. मी नाही म्हटलं. मला आखडू म्हणाले, सूडबुद्धीची म्हणाले. म्हणोत. मुखपृष्ठावरून सहकाऱ्याचं नाव उतरलं त्या दिवशी मला आनंद झाला, भरपूर झाला. त्यासाठी माणसं तुटली असतील, पण ती पुस्तक कोणी लिहिलं हे ठाऊक असूनही गप्प बसलेली माणसं होती. आजही मी तेच करीन.

तडजोडीचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून लेखकाचा नैतिक हक्क आहे: आर्थिक हक्क विकले तरी कृती आपली म्हणण्याचा अधिकार उरतो. पण काही देशांत तो लेखी सोडून देता येतो आणि तसं कलम मसुद्यात मधेच कुठेतरी दडवलेलं असतं. ते शोध. 'नैतिक हक्क सोडत आहे' असं दिसलं की तिथेच थांब. आभारांच्या पानावर दहा वेळा नाव आलं तरी ते लेखिकेचं नाव होत नाही, मुली, कितीदा सांगू!

त्याला लिहिलेलं उत्तर मला पाठवलंस, त्यातला दुसरा परिच्छेद काढून टाक. त्यात तू त्याला समजून घेत बसली आहेस. पहिल्याच ओळीत माग: मुखपृष्ठावर, लेखिका म्हणून, फक्त तुझं नाव, आणि विक्रीला असलेल्या प्रती परत. उत्तराला तारीख दे. पाठवण्याआधी वकिलाला दाखव, मग मला.

तुझी,
मावशी