पहिली वेबसाइट करताय? आधी डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा. ती देणाऱ्या कंपन्यांची तुलना करण्यात आठवडे घालवू नका. पाच-सात पानांच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) पुरतं.

खरी काळजी डोमेनची, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याची घ्या. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून नोंदवा. साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात राहिलं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं, तर पत्ताच हातचा जातो. होस्टिंग केव्हाही बदलता येतं. गेलेलं डोमेन परत मिळवणं फार कठीण.

होस्टिंग घेताना एवढं बघा:

- पहिल्या वर्षाची सवलत नव्हे, नूतनीकरणाचा दर. तो बऱ्याचदा कितीतरी जास्त असतो.
- एसएसएल (साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र) मोफत आहे ना? लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रं फुकट मिळतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.
- बॅकअप रोज होतो का, आणि तो तुम्हाला स्वतःला परत चढवता येतो का?

देखभाल नकोच असेल तर विक्ससारखा बिल्डर (तयार साच्यांतून साइट बनवायची सेवा) चालेल, पण तिथली साइट जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नाही. थोडं शिकायची तयारी असेल तर माझं मत वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरलाच. फक्त प्लगइनचा (जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) ढीग लावू नका आणि अपडेट टाळू नका. जुनाट प्लगइनमधूनच कितीतरी साइट हॅक होतात.

सीडीएन, व्हीपीएस वगैरे मोठ्या साइटसाठीच्या सोयी आत्ता विसरा. कामाची माहिती आणि फोन नंबर असलेलं एक पान मोबाइलवर नीट दिसलं की साइट सुरू करून टाका, बाकीची पानं नंतर जोडता येतील.