स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय?

(एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली, तीही सगळी रत्नागिरी जिल्ह्यात. प्रवासाला निघणाऱ्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना उत्तरं.)

प्रश्न : काका, आमचं गाव राजापूर तालुक्यात. गेल्या गणपतीला गाडी चार तास उशिरा, रात्री अकराला राजापूर रोडला पोचली. बाहेर एकही रिक्षा नाही. सत्तरीची आई आणि दोन मुलं घेऊन पहाटेपर्यंत फलाटावर बसलो. यंदा कन्फर्म तिकिटासाठी काय करू?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

ताई, तिकीट तर गेल्या वर्षीही तुमच्या हातात होतं. हाल झाले ते गाडीतून उतरल्यावर. म्हणून यंदा तयारी उलट्या टोकाकडून करा. स्टेशनपासून घरापर्यंत कसं जायचं ते आधी ठरवा, मग गाडी निवडा. कोकण रेल्वे डोंगरातून गेली आहे, त्यामुळे बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत. राजापूरचं तुम्ही भोगलंच. सावंतवाडीचं स्टेशन मळगावात आहे, दापोलीला जाणाऱ्याला खेडला उतरावं लागतं आणि गुहागरवाल्याला चिपळूणला.

उशीर धरूनच चाला. रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला, पण वीरच्या पुढे अजून एकेरी आहे. एक गाडी रखडली की समोरची क्रॉसिंगला उभी राहते आणि मग सगळ्याच मागे पडतात. त्यात गणपती पावसाळी वेळापत्रकात येतात. हे वेळापत्रक पूर्वी 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि तो ठेवायलाच हवा. दरड कोसळण्याच्या जागी गाडी हळू गेली म्हणून कुणी कुरकुर करू नये. आपण फक्त एवढं करायचं, की कागदावर संध्याकाळी सातला पोचणारी गाडी म्हातारं माणूस सोबत असताना घ्यायची नाही. सकाळी किंवा भर दुपारी पोचणारी घ्या, म्हणजे तीन तास उशीर झाला तरी उजेड असेल.

रिक्षा गावातलीच सांगून ठेवा. भाडं किती आणि गाडी उशिरा आली तर थांबण्याचे किती, हे फोनवरच बोलून घ्या. त्याचा नंबर कागदावर लिहून आईच्या पिशवीत ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी आणि रेंज नेमकी उतरल्यावरच जाते.

शहरातली मंडळी आणखी एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी डेपोतून सुटते, शेवटच्या वाडीत मुक्काम करते आणि पहाटे परत फिरते. चालक-वाहक रात्री तिथेच देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतात. तिच्यात शाळेची पोरं असतात, बाजार करून निघालेल्या बायका असतात, टपावर कुणाचा तरी पत्रा नाहीतर सायकल असते. वाहकाला कोण कुठल्या पाणंदीशी उतरणार ते ठाऊक असतं. तुमच्या गावाला अशी गाडी असेल तर तिची वेळ गावातल्या कुणाला तरी विचारून घ्या. रेल्वेतून येणाऱ्या कुटुंबाचा निरोप आला तर मी ती पाच-दहा मिनिटं थांबवत असे. रेल्वेचा माणूस पोचला आणि वस्तीची गाडी नुकतीच सुटली, असं झालं की खिडकीतून त्याच्याकडे बघवत नसे. निरोप द्यायला संकोच करू नका. आईंनी पासष्टी ओलांडली आहे, तेव्हा एस.टी.त त्यांना निम्मं तिकीट. पंचाहत्तर पूर्ण झाली की राज्यात प्रवास मोफत. पंचाहत्तरीच्या आतल्या बाईमाणसाला वय कितीही असो, निम्मंच. आधारकार्ड जवळ असू द्या.

आता तिकिटाचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. घरातल्या दोघांनी दोन फोनवर बसा, प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेवा. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. त्यावर आरक्षित डब्यात चढू नका. आणि गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल व तुम्ही जायचंच रद्द केलं, तर ती सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे मिळतात.

यातलं काहीच जमलं नाही तर वाडीतली मुंबईकर मंडळी गोळा करा आणि एस.टी.चं ग्रुप बुकिंग करा. गाडी तुमच्या भागातून निघते ती थेट गावात. गणपतीला म्हाताऱ्या माणसांसाठी मला तरी याहून चांगली सोय दिसत नाही.

प्रश्न : कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाटात माझा आठ वर्षांचा मुलगा हमखास उलट्या करतो. उपाशी ठेवून आणलं तरी तेच.
– एक वाचक, कोल्हापूर

दादा, उपाशी ठेवणं आधी बंद करा. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. निघण्याच्या तासभर आधी मऊ भात नाहीतर कोरडी पोळी द्या. तळलेलं आणि दूध नको. कान सांगतो गाडी वळली, डोळ्यांना मात्र समोरची सीट स्थिर दिसते. या गोंधळाने पोट ढवळतं. म्हणून पोराला पुढच्या बाजूला बसवा, लांबचा रस्ता दिसेल असं, आणि मोबाइल हातात देऊ नका. एस.टी.त मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाट लागण्यापूर्वी अर्धा तास तरी आधी. घाटात दिलेली गोळी बाहेरच पडते. आलेपाकाची वडी खिशात असू द्या. पिशवी, ओला रुमाल आणि एक सदरा हाताशी ठेवा, डिकीत नको. आणि पोराला रागावू नका. घाबरलं की त्याला अजून होतं.

प्रश्न : जुलैत मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, मासे महाग, आणि मुक्काम कमी केला तर राहण्याच्या ठिकाणी आगाऊ पैसे परत देईनात.
– एक वाचक, पुणे

होड्या पावसाळ्यात बंदच असतात. जंजिऱ्यालाही तेच. समुद्र खवळलेला असताना कुणी होडी काढतो म्हणाला तरी बसू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, म्हणून बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग. किल्ला आणि मासे दोन्ही हवे असतील तर दिवाळीनंतर या.

पैशांचं म्हणाल तर पाठवण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या : रद्द केलं तर किती परत, किती दिवस आधी कळवायचं, आणि तारीख बदलून मिळेल का. आता भांडून उपयोग नाही, पण तारीख बदलून मागा. घरगुती मुक्कामवाल्याने ते पैसे किराण्यात घातलेले असतात, रोख परत देणं त्याला जड जातं. पुढची तारीख तो आनंदाने देतो.

प्रश्न : दापोलीहून गुहागरला गाडी घेऊन जायचं आहे. दाभोळची फेरीबोट घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

जरूर घ्या. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि खेड-चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. फक्त शेवटची फेरी किती वाजता ते त्याच दिवशी फोन करून विचारा. मोबाइलचा नकाशा रात्री बारालाही तोच रस्ता दाखवतो. सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा जेवून निघा.